बयाकाकीचा पहारेकरी

कुणीही समोर आलं की माझी नजर आधी त्याच्या पायांवर जाते. माझ्या जावयाला पहिल्या भेटीत वाटलं, सासरेबुवांचा आपल्या नव्या वहाणांवर डोळा आहे. मंडईत तर एका गृहस्थाने पाय आखडून धोतराखाली घेतले होते. आता या वयात ही खोड जायची नाही. मुळात ती माझी नाहीच, ती मला बयाकाकीने लावली.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. महाडात वाढलेला, ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला आणि जगाला शहाणं करून सोडायला निघालेला. लोकल बोर्डाने माझी पहिली नेमणूक केली ती पोलादपूरच्या वर, उमरठच्या वाटेला लागलेल्या एका वाडीवर. तीस-बत्तीस घरं, देवळात भरणारी शाळा आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला. मास्तरांच्या राहण्याची सोय बयाकाकीच्या ओटीवरच्या खोलीत होती. घरात ती एकटीच. नवरा साथीच्या तापात गेलेला, एकुलता एक मुलगा सदू मुंबईला.

मी ट्रंक उतरवून घेतली आणि तिला नमस्कार केला. तिने पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “म्हाडचं पाय. बोटं कशी एकमेकाला चिकटून बसलीत. चालायची सवय नाय गुरुजी तुमाला.”

मला राग आला. पण आठ दिवसांत डोंगर चढून-उतरून माझ्या टाचांना भेगा पडल्या, तेव्हा न सांगता दारात कोकम तेलाचा गोळा आणि दिवा येऊन बसला. “दिव्यावर वितळवा नि भेगंत भरा,” एवढं बोलून ती आत गेली.

बुटकी, काटक, सावळी बाई. चालायची झपझप, पण मान कायम खाली. मला आधी वाटलं, विधवा बाई, परक्या पुरुषासमोर संकोचत असेल. पुढे लक्षात आलं की ती पोरांशी बोलतानाही खालीच बघते, बायकांशी बोलतानाही आणि म्हशीशी बोलतानाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “सासू होती तवर मान वर कराया मिळाली नाय. सासू गेली तवर मानंला तीच सवय झाली. आता वर बगितला तर गरगरतंय.”

पण त्या खाली बघण्यात तिचं काही अडत नव्हतं. कोण आलं, कुठून आलं, भांडून आलं की जेवून आलं, सगळं तिला पायांवरून कळायचं. गुडघे धरले म्हणून एकदा ती सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन आली. मी विचारलं, गुडघ्यांना गुण आला का? म्हणाली, “गुडगं हायेत तसंच हायेत. पन तिथं समदी वहाना काडून बसत्यात. अर्धा तालुका वळखून आले.”

वाडीत एक पेन्शनर हवालदार होते. मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. मिशा, छाती, बिल्ले, सगळं जागच्या जागी. त्या पावसाळ्यात बयाकाकीच्या मांडवावरच्या काकड्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या आणि हवालदारांनी आपण होऊन तपासाचं काम हाती घेतलं. पोरांना ओळीत उभं केलं, दम भरला. बयाकाकी मांडवाखालच्या चिखलाकडे बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर सगळे जमले असताना ती हवालदारांच्या पुढ्यात एक चांगली हातभर काकडी ठेवून म्हणाली, “हवालदार, ही खावा. नि डाव्या टाचंत काटा रुतलाय त्यो काडून घ्या. पाय तिरका पडतोय तुमचा.” आणि निघून गेली. हवालदारांनी काकडी खाल्ली की नाही ते ठाऊक नाही, पण तपास त्या दिवशी बंद झाला.

अशी ही बाई. तिच्या तोंडून मुलाचं नाव मात्र मी वर्षभरात दोनदाही ऐकलं नव्हतं. सदू चार वर्षांपूर्वी न सांगता मुंबईला गेला आणि त्यानंतर घरी आला नाही, एवढंच लोक सांगत. बाकीचे मुंबईकर शिमग्याला आणि गणपतीला दासगावच्या बंदरात उतरून गाड्या करून वर येत. वाडीच्या तोंडाशी ते दिसू लागले की बयाकाकी बांधावर उभी राहायची. शेवटचा माणूस तिच्या पुढून निघून गेला की घरी येऊन काहीतरी सारवायला घ्यायची. सारवण हा तिचा सगळ्या दुःखांवरचा उपाय होता. जमीन सारवून झाली की पांढऱ्या मातीत पोतेरं बुडवून भिंती घ्यायची. इतकी स्वच्छ भिंत मी महाडातही बघितली नव्हती. खुंटी नाही, कोनाडा नाही, देवाचं चित्रसुद्धा नाही.

माझ्या दुसऱ्या शिमग्याला शेजारच्या घरचा पांडू गिरणीतून रजा घेऊन आला आणि वाटेत कुठेही न थांबता थेट आमच्या अंगणात शिरला. खांद्यावर पुरुषभर लांबीची गुंडाळी होती, गोणपाटात शिवलेली.

“काकी, सदूनं दिलंय. बोल्ला, आईला दे.”

“अजून काय बोल्ला?”

“काय नाय. पेंटरकडं हाय तो, नाटकाचं पडदं रंगवतात तितं. बोल्ला, डायरेक आईच्या हातात दे, बस.”

“चिट्टी?”

“चिट्टी नाय दिलान.”

बयाकाकी गोणपाटाच्या शिवणीवरून हात फिरवत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “लिवता येतंय त्याला. तिसरी पास हाय.”

गुंडाळी मी आणि पांडूने मिळून उलगडली. पडद्याच्या जाड कापडावर तेलरंगात काढलेला एक पहारेकरी होता. जवळजवळ माणसाएवढा. अंगात चिलखत, पण कसलं? माशाच्या खवल्यांचं, निळं आणि हिरवं, प्रत्येक खवल्याला सोनेरी काठ. डोक्यावर शिरस्त्राण, त्याला दोन्ही बाजूंनी गरुडाचे पंख. तोंडावर लोखंडी कड्यांची जाळी सोडलेली, त्यामुळे चेहरा असा दिसतच नव्हता. हातातल्या भाल्याच्या टोकाला पात्याऐवजी ज्योत. मागे एक प्रचंड दार, त्याच्यावर खिळ्यांच्या जागी चांदण्या ठोकलेल्या. दार ढगांत उभं होतं आणि वर आकाशात दोन चंद्र होते.

आम्ही तो ओटीवरच्या त्या कोऱ्या भिंतीवर टांगला. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी लोटली.

हवालदारांनी पहिला निकाल दिला. “ये शेंट्री नहीं. भाला डाव्या हातात? अटेन्शनमधी गुडघा वाकडा? आमच्या पलटणीत असता तर मी ह्याला आठ दिस कोठडीत टाकला असता. नि दोन चंद्र तर बसऱ्याला पन नव्हतं.” उमरठचे पाहुणे शिमग्याला आलेले होते. त्यांना जगातला प्रत्येक शूर पुरुष आपल्याच गावचा वाटतो, त्यामुळे त्यांनी जाळीआडच्या मिशा ओळखल्या आणि हा आमच्याच भावकीतला म्हणून सांगितलं. मलाही राहवेना. मी पुढे होऊन सांगितलं की हे रूपक आहे, दार म्हणजे ज्ञानाचं दार, पहारेकरी म्हणजे सदाचार, दोन चंद्र म्हणजे विद्या आणि विनय. लोकांनी आदराने ऐकून घेतलं आणि पुन्हा दोन चंद्रांवर वाद घालायला लागले.

पण शेवटी मानलं गेलं ते गुरवाचंच. तो बराच वेळ हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, “ह्यो राखनदार हाय. आपल्या शिवंवरचा. आजवर कुनाला दिसला नव्हता, तो सदूला मुंबैत दिसला.”

आमच्याकडे प्रत्येक वाडीला राखणदार असतो. शिवेवर त्याचा दगड असतो, वर्षातून एकदा त्याला कोंबडा-नारळ देऊन राखण द्यायची असते. तो रात्रंदिवस वाडीभोवती फिरतो अशी समजूत आहे, पण तो दिसतो कसा हे कुणी विचारत नाही. आता एकदा तो दिसला म्हटल्यावर आवरणार कोण? दुसऱ्या दिवशी चित्रासमोर नारळ आले. तिसऱ्या दिवशी एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. चौथ्या दिवशी हवालदार कोंबडा काखेत मारून आले आणि भिंतीकडे बघून एक कडक सलाम ठोकला. आठवडाभर माझ्या खोलीपुढची ओटी म्हणजे देवस्थान झालं होतं आणि मी तिथला फुकटचा पुजारी.

या सगळ्यात बयाकाकीला काय वाटतं हे कुणीच विचारलं नाही. चित्र तिला पाठवलेलं, मुलगा तिचा. पण ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत दारात उभी असायची, मान खाली घालून. मीही विचारलं नाही. मी तर शिकलेला होतो, त्यामुळे मला विचारायची गरजच वाटली नव्हती. याची अजून लाज वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी शाळा सोडून आलो तर ओटीवर ती एकटी होती. तांब्यातलं पाणी तिने चित्राच्या खाली जमिनीवर ओतलं, मग ओल्या तळव्याने पहारेकऱ्याची पावलं पुसली. आधी उजवं, मग डावं. इतक्या हलक्या हाताने की मी दारातच थांबलो.

“काकी, तुम्हीसुद्धा याला राखणदार मानता?”

ती दचकली नाही. मी आल्याचं तिला कळलंच असणार, मी नवीन वहाणा घातल्या होत्या आणि त्या वाजत. म्हणाली, “गुरुजी, तुमी समद्यांनी वरनं बगितलात. जरा खाली बगा.”

मी बघितलं. पहिल्यांदाच. डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत चिलखतात मढवलेल्या त्या माणसाचे पाय अनवाणी होते. वर सगळी कल्पनेची करामत आणि खाली अगदी खरे, मळलेले, शेतकऱ्याचे पाय. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. उजव्या घोट्यावर कोयत्याच्या घावाचा पांढरा वण.

“ह्यो माजा घो,” बयाकाकी म्हणाली.

मग ती खाली बसली आणि जे सांगितलं ते जमिनीकडे बघतच सांगितलं.

तिचा नवरा मुंबईला गोदीत. वर्षातून दोनदा येणार, आठ-आठ दिवस. घर माणसांनी भरलेलं, सासू-सासऱ्यांदेखत नवऱ्याकडे मान वर करून बघायची रीत नाही. मुंबईवरून माणूस आला की अंगणात त्याच्या पायांवर बायकोने पाणी घालायचं, एवढं मात्र रीतीत बसणारं होतं. सतरा वर्षांच्या संसारात तिने नवरा बघितला तो असा, पाणी घालताना. “पाय मला पाठ होतं. तोंड म्हंजे असा उजेडात, समोरून, धड कवा बगितलाच नाय. मंग ताप आला नि मानूस मुंबैतच गेला. जाळलाही तितंच.”

सदूला लहानपणापासून कोळशाने भिंतीवर रेघोट्या ओढायचा नाद. ती पोतेरं फिरवायची, तो पुन्हा काढायचा. सोळा-सतरा वर्षांचा असताना एकदा गणपतीच्या आधी त्याने या ओटीवरच्या भिंतीवर एका पुरुषाचा चेहरा काढला. गळ्यापर्यंतच. दोन दिवस खपत होता. ती शेतावरून आली, सणाचं सारवण राहिलं होतं, तिने पोतेरं बुडवलं आणि भिंत एका हातात पांढरी करून टाकली.

“तो अंगनातनं आला नि वरडला, आये, बाबा व्हतं गो ते! बाबांना पुसलंस!” तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. “मला वळखलाच नाय, गुरुजी. नवरा वळखला नाय मी. कुनाला सांगू ही गोष्ट? पोराला कशी सांगू? मी गप ऱ्हायले. त्याला वाटला आयशीला काय पडलीच नाय. दुसऱ्या दिशी उठून गेला.”

मग एकदम लक्षात आलं आणि मी म्हणालो, “पण काकी, त्याला कळलंय. बघा ना, त्याने चेहरा झाकून टाकलाय आणि पाय उघडे ठेवलेत. तुमच्यासाठी.”

“ते मला पयल्याच दिशी कळला. आय खाली बगून चालते हे त्याला ठावं हाय.” तिने चित्रातल्या दाराकडे बोट केलं. “पन एक कळत नाय. पाच दिस झालं, जीव तितंच अडकलाय. बाप दारात उभा केलान. तो दार राखतोय का दार अडवतोय? तुमी शिकलेलं मानूस. सांगा.”

मी पुन्हा चित्राकडे बघितलं. मोठं बंद दार, त्याच्यापुढे भाला धरून उभा माणूस. तू इथून पुढे यायचं नाहीस, असंही तो म्हणत असेल. तुझं घर मी सांभाळतोय, असंही म्हणत असेल. विद्या आणि विनय सांगणाऱ्या मला एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. मी म्हणालो, “काकी, सदूलाच विचारू. पांडू परवा परत चाललाय. तुम्ही सांगा, मी पत्र लिहितो.”

“काय लिवणार? कागदावर माजं तोंड नसतं, तुमचं अक्षर असतं.” ती बोटाने जमीन उकरत बसली. मग म्हणाली, “तुमच्याकडं चित्राचा मोठा कागद असतो ना, त्यो एक द्या.”

ड्रॉइंगचा कागद मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पसरून दिला. तिने परातीत काव कालवली, भिंतीच्या पट्ट्याला लावतात ती तांबडी काव. गौरी आणताना आमच्याकडे दारापासून आत पावलं उमटवतात, पण नवरा गेल्यापासून तिला तो मान नव्हता. शेजारणी येऊन उमटवून जायच्या. तिने इकडेतिकडे बघितलं, लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि दोन्ही पाय परातीत बुडवून कागदावर उभी राहिली. तोंड अंगणाकडे. उभी राहिली ती राहिलीच. मला वाटलं, काव वाळून पाय कागदाला चिकटतील.

ती बाजूला झाली तेव्हा कागदावर दोन रुंद, भेगाळलेली, बोटं फाकलेली पावलं होती.

“हितं, बोटांच्या पुढं उंबरा काडा,” ती म्हणाली. मी पट्टीने दोन रेघा ओढल्या.

“खाली काय लिहू?”

“काय नको. तो वळखल. मी दारात उबी हाय. अडवायला नाय, बगायला.”

पांडू तो कागद गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला. गुरवाने जमीन ओली बघून बयाकाकीने राखणदाराला अभिषेक घातल्याचं वाडीभर केलं. तिने त्याला खोडून काढलं नाही आणि मीही नाही.

उत्तर आलं नाही. पावसाळा लागायच्या आत माझी बदली झाली ती थेट महाडला. निघताना बयाकाकी बांधापर्यंत आली. कोकम तेलाचे चार गोळे माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, “आता पाय बरं झालं हायेत. पुन्ना शेरात जाऊन बिगडवू नका.” उताराला लागून मी मागे बघितलं तर ती तिथेच उभी होती, खाली माझ्या पावलांच्या खुणांकडे बघत.

पुढची तीन-चार वर्षं नोकरी, लग्न, बिऱ्हाड यात गेली. पांडूची गाठ पडली नाही. खरं सांगायचं तर मीच पाडली नाही. कागद मिळाला, सदूने फाडून टाकला, असं ऐकावं लागलं तर काय करायचं, ही भीती होती. मग एका वर्षी परीक्षा घेणाऱ्या साहेबांबरोबर मला वर जावं लागलं. गणपती होऊन महिना झाला होता, भात पिवळं पडायला लागलं होतं. साहेब देवळात पोरांचे पाढे घेत बसले आणि मी पाणी पिऊन येतो म्हणून सटकलो.

बयाकाकी ओटीवर पाठमोरी होती. बाजूला पांढऱ्या मातीची बादली. मी अंगणात पाऊल टाकलं तशी मागे न वळता म्हणाली, “गुरुजी, उजवा पाय जड पडतोय. वजन वाडला का काय?”

मी हसलो. तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली आणि हसू तसंच राहिलं. पहारेकरी तिथे नव्हता. त्याच्या जागी, उघड्या भिंतीवर, कोळशाने काढलेला एका पुरुषाचा चेहरा होता. रुंद कपाळ, बसकं नाक, ओठाच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

“सदू आला होता?”

“गनपतीला. आठ दिस व्हता. आता शिमग्याला येतो म्हनलाय.” ती वळली. “अंगनात आला तसा पाट मांडला नि पायावर पाणी घातला. पाय पोराचं ते पोराचंच, बापासारकं एक बोट नाय. मंग मनात म्हटला, बये, आता तरी वर बग. वर बगितला. गुरुजी, मिशा आल्यात त्याला!” ती मोठ्याने हसली आणि हसता हसता डोळे पुसले.

“त्याला विचारलंत का? राखतोय की अडवतोय ते?”

“नाय विचारला. आला ना तो, मंग काय विचारायचा?”

“आणि पहारेकरी कुठाय?”

“आत कनगीवर टांगलाय. भात राखतोय. उंदीर काय त्याला भीत नाय.” भिंतीकडे हात करून म्हणाली, “ह्यो सदूनं जायच्या आदल्या दिशी काडलान. म्हनला, आये, रोज बगत जा. सवय हुईल.”

तिकडे साहेबांची हाक आली. मी पाणी प्यायलो, निरोप घेतला, अंगण ओलांडलं आणि वळून बघितलं. तिने पुन्हा काम हाती घेतलं होतं. पदर खांद्यावर पडला होता आणि मान वर होती, चांगली ताठ वर. चेहऱ्याच्या चारी बाजूंची भिंत पोतेऱ्याने सारवून झाली होती. आता जवळचं तेवढं राहिलं होतं. तिने पोतेरं बादलीत टाकलं, एक बोट पांढऱ्या मातीत बुडवलं आणि कोळशाची रेघ पुसली जाऊ नये म्हणून श्वास धरून त्या हनुवटीच्या कडेकडेने, सावकाश, ती भिंत सारवू लागली.